गार उजेड

सकाळी चहा गाळताना शकुनबाईंचा हात कपाच्या बाहेर गेला आणि चहा ओट्यावरून खाली ओघळला. झालं ते एवढंच. त्यांनी पायानंच पायपुसणं ओढून फरशी पुसली आणि पदरानं डोळे टिपले; आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा. हर्षा अंकुरला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सांडलेल्या चहाकडं तिचं लक्षच गेलं नाही, ती सासूच्या पदराकडं पाहत राहिली. कांदा चिरलेला नव्हता, मिरचीची फोडणी पडलेली नव्हती, सर्दीही नव्हती. सर्दी असती तर ती हर्षाला आदल्या दिवशीच कळली असती. या घरात कोण शिंकलं हे शिंकणाऱ्याच्याही आधी तिला कळायचं. "डोळ्यांना काय झालं, आई?" तिनं शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं. "काई नाई वो. कचरा गेला असन. रातपासून डोयात रेती भरल्यावानी होऊन राह्यलं," शकुनबाई म्हणाल्या, आणि खिडकीतून आलेल्या उन्हाकडं त्यांनी पाठ फिरवली.

रेती. पौर्णिमाही हाच शब्द वापरत होती, अमरावतीच्या वसतिगृहात, पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन: कोणी माझ्या डोळ्यांत रेती भरली गं. धामणगावची हसरी मुलगी, प्रयोगशाळेत हर्षाच्या शेजारच्या टेबलावर काम करायची. सुती कापडावर जस्ताच्या भस्माचे कण चढवायचे, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारावर रांगेत बसतील, आणि मग ते कापड अतिनील दिव्याखाली ठेवून विषाणू किती मरतात ते पाहायचं, असं दोघींचं काम. एकदा कापडाची चौकट सरळ करायला पौर्णिमानं दिवा चालू असतानाच पेटीत डोकं घातलं. चष्मा टेबलावर राहिलेला. दुपारी काही झालं नाही, संध्याकाळी दोघींनी राजापेठेत चाट खाल्ली, आणि रात्री ती किंचाळत उठली. सर दुसऱ्या दिवशी रागावले नाहीत, फक्त म्हणाले, हा उजेड चावतो तेव्हा कळत नाही. तेव्हा हर्षाला ते वाक्य आवडलं होतं. लेकरू नसलेल्या बाईला अशी वाक्यं आवडतात.

तर शकुनबाईंनी दिव्याकडं पाहिलं होतं. कधी? दिवा मागच्या खोलीत, नवऱ्याच्या, नितेशच्या जुन्या लोखंडी कपाटात. हर्षानंच अमरावतीहून तसल्याच अतिनील दिव्याची नळी आणली, नितेशनं ती बसवली, आतून चकचकीत चांदीसारखा कागद चिकटवला. मधल्या दांडीवर अंकुरची झबली, टोपडी, दुपटी एकेक सुटी टांगायची, दार लावायचं, मग बाहेरचं बटण दाबायचं. अर्ध्यातून बंद करून कपडे उलटायचे, कारण उजेड वळत नाही. जिथं कापडाची घडी, जिथं बाहीची शिवण, तिथं सावली, आणि सावलीत विषाणू सुखानं जगतात. हे तिनं घरात इतक्यांदा सांगितलं होतं की नितेश फोनवर मित्रांना सांगून हसायचा. शकुनबाईंनी त्या कपाटाचं नाव दवाखाना ठेवलं होतं. "झबले गेले दवाखान्यात, आता लेकराले घालू का त्याच्या बापाचं बनियन?" सुरुवातीला त्या म्हणायच्याही, "अवं, अकोल्याचं ऊन काय कमी हाय? दोरीवर टाक, जंतूचा बाप मरते." हर्षा समजावून सांगायची की उन्हातला तो जहाल भाग वरच गाळला जातो, खाली पोचत नाही. त्यावर त्या आभाळाकडं पाहून म्हणायच्या, "वरच गाळला जाते त मंग मे महिन्यात आमी काहून मरतो?" आणि हर्षालाही हसू यायचं. मग दुपारी कपाटाचं दार उघडल्यावर तो वास यायचा, जळक्या केसांसारखा, जरासा पावडरसारखा, आणि तिच्या छातीतली एक गाठ थोडा वेळ सैल व्हायची. शकुनबाईंनी आपल्या मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं पहिलं झबलं त्या उजेडात पिवळं पडत चाललं होतं, काखेत विरलंही होतं. तिला ते दिसत होतं. पण ती तेही टांगायची.

श्वासाचं तिला काही करता येत नव्हतं. माणसांचं, हातांचं, भाजीवाल्याच्या खोकल्याचं, नितेशच्या ऑफिसातल्या खुर्च्यांचं काही करता येत नव्हतं. कापडाचं येत होतं, कापड तिला कळत होतं. अंकुर आठव्या महिन्यात झाला, अमरावतीला, माहेरी. दोन दिवसांत काविळीनं पिवळा पडला. मग त्याला निळ्या उजेडाच्या पेटीत ठेवलं, उघडा, डोळ्यांवर काळी पट्टी बांधून. अकोल्याहून शकुनबाई धावत आल्या आणि काचेबाहेर उभ्या राहिल्या. बस म्हटलं तरी बसेनात. परिचारिका म्हणाली, आजी, घाबरू नका, या उजेडानंच बरं होते लेकरू. आणि झालंही. मग अकोल्याला आणल्यावर, दिवाळीनंतर, तो साधा पडशासारखा दिसणारा आजार: पाळण्यात फासळ्यांमध्ये कातडी आत ओढली जायची, नाकपुड्या फुलायच्या, दूध सुटलं. दवाखान्यात नाकाला नळी. डॉक्टर म्हणाले, विषाणू आहे, मोठ्यांना नुसती सर्दी होते, यांच्या मात्र छातीत उतरतो. आठव्या महिन्याचं बाळ आहे, हात-कपडे सांभाळा. त्यांनी तीन शब्दांत सांगून टाकलं आणि पुढच्या पाळण्याकडं गेले. हर्षा त्या तीन शब्दांतून अजून बाहेर आली नव्हती. कोणी बाळ पाहायला आलं की आधी दारात चपला, मग साबण, मग नाकाला रुमाल. शेजारच्या मनकर्णाबाई म्हणायच्या, "तुमच्या घरी येण्यापरीस कलेक्टरच्या घरी जाणं सोपं हाय."

ती अंकुरला घेऊन पुढच्या खोलीत आली. त्याला दिवाणावर ठेवलं. त्याच्या उजव्या गालावर लाल रेघ होती. उशीच्या शिवणीची असेल. शिवणीचीच. तिनं बोटानं दाबली, पांढरी झाली, पुन्हा लाल झाली. त्यानं मूठ डोळ्यावर घासली. झोप आली की घासतो. पण आत्ताच तर उठला. तिनं पडदा सरकवला, उन्हाचा पट्टा त्याच्या तोंडावर पडला आणि त्यानं डोळे घट्ट मिटले, तोंड फिरवलं. कुठलंही लेकरू फिरवेल. कुठलंही? तिनं पडदा लावला, पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा तो रडायला लागला तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली; तिनं त्याला उचलून छातीशी धरलं आणि त्याच्या डोक्यावरून सासूच्या हालचालींचा कानोसा घेत राहिली. भांडं पडलं. पडू दे. काल संध्याकाळी ती गच्चीवर सरांशी फोनवर बोलत होती. सोमवारपासून कामावर परत जायचं होतं, सकाळच्या गाडीनं बडनेरा, तिथून अमरावतीत, संध्याकाळी परत. अंकुर शकुनबाईंजवळ राहणार, हे ठरलेलं. मुळात तेच तर एक ठरलेलं होतं, बाकी सगळं त्याच्यावर उभं होतं. फोन लांबला. खाली आली तेव्हा शकुनबाई मागच्या खोलीतून येत होत्या, एकट्याच, आणि अंकुर पाळण्यात होता. एकट्याच होत्या ना? पाळणा हलत होता की नव्हता? हलत असेल तर नुकताच ठेवलेला. तिनं ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणली आणि दर खेपेला पाळणा वेगळा दिसला.

विचारायचं सोपं होतं: आई, कपाट उघडलं होतं का? पण मागं एकदा तिनं असंच सोपं विचारलं होतं, आई, तुम्ही त्याची पापी घेतली का, आणि शकुनबाई पिशवी भरून भावाकडं वरूडला निघून गेल्या होत्या. परतल्या त्या संत्र्यांची करंडी घेऊन, हसत, जणू काही घडलंच नाही. पण त्या दिवसानंतर त्या अंकुरला घेताना आधी हर्षाच्या तोंडाकडं पाहायच्या. ते पाहणं हर्षाला आवडायचं नाही, आणि खरं सांगायचं तर, आवडायचंही. आणि दुसरं असं की विचारलं तर उत्तर येईल. उत्तर आलं की मग ते असेलच, या खोलीत, दिवाणावर, तिच्या आणि लेकराच्या मधे.

दारावर टकटक झाली. मनकर्णाबाई वाटी घेऊन उंबऱ्याबाहेरच उभ्या. "विरजण पाह्यजे होतं वो. आत नाई येत, भिऊ नको. इथूनच वाटी फेकतो, तू झेल." हर्षानं हसायचा प्रयत्न केला. शकुनबाई आतून बाहेर आल्या नाहीत, नुसतं ओरडल्या, "फ्रिजात हाय, दे वो हर्षा." मनकर्णाबाईंनी मान लांब करून अंकुरकडं पाहिलं. "कसा हाय राजा? तुई आजी त काल मले म्हणे, आता कपड्यायचा कंटाळा आला, एक डाव लेकरूच घालतो दवाखान्यात, निंघते एकदमच धुऊनपुसून!" आणि स्वतःच खदखदून हसल्या.

हर्षाच्या हातातली वाटी तशीच राहिली. दवाखाना. निळा उजेड. या उजेडानंच बरं होते लेकरू. काचेबाहेर तासन्‌तास उभी असलेली बाई. दोन्ही उजेड निळे, दोन्ही पेट्या चकचकीत, दोन्हींच्या बाहेर हर्षा एकच तोंड करून उभी. वेगळेपण तिनं कधी सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगावं लागेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं घडी सांगितली, शिवण सांगितली, सावली सांगितली, या उजेडात एकही विषाणू टिकत नाही हे सांगितलं, पुन्हा पुन्हा, अभिमानानं. तिनं विरजण दिलं, दार लावलं. मनकर्णाबाई जिन्यातून काहीतरी म्हणाल्या, ते तिला ऐकू आलं नाही. अंकुरचं झबलं तिनं दिवाणावरच काढलं. पाठ, पोट, मांड्या, पावलं. दुधासारखं अंग. पण पौर्णिमाचंही संध्याकाळपर्यंत चांगलंच होतं, राजापेठेत ती खळखळून हसत होती. इथं तर रात्र उलटून सकाळ झाली. व्हायचं ते झालं असतं. झालं असतं ना? आठव्या महिन्याच्या कातडीला किती वेळ लागतो, हे कुठल्याही प्रयोगात तिनं पाहिलेलं नव्हतं.

शकुनबाई मागच्या खोलीत होत्या. खिडकी लावलेली, दिवा नाही, कपाटाचं दार बंद. खाटेवर बसून त्या काहीतरी करत होत्या, मान वर करून, मिटल्या डोळ्यांनी, नुसत्या बोटांनी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांनी सोडून दिलं होतं. दारातून आलेल्या उजेडात हर्षाला त्यांचं कपाळ दिसलं, नाकाचा शेंडा, उजव्या हाताची पालथी बाजू: लाल, तापलेली. हातात काळ्या कापडाची चिंचोळी पट्टी होती, मऊ अस्तर लावलेली, एका बाजूला नाडी, दुसऱ्या बाजूची अजून टाचायची राहिलेली. बाहुलीच्या डोक्याला बसेल एवढी.

"हे काय आहे, आई?"

"कोण, हर्षा? काई नाई. पट्टी होय."

"कशाची?"

शकुनबाईंनी पट्टीची नाडी बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाल्या, "त्याच्या डोयाची. अमरावतीले बांधली नव्हती का? ते लोकं बिना पट्टीचं ठेवत नव्हते." आणि एकदम घाईघाईनं, हर्षानं काही म्हणायच्या आत, "तू सोमवारी गेली का मी ठेवणार होती थोडासा. तुले सांगून तू ठेवू देणार होती का? तूच त म्हणे, शिवणीत सावली राह्यते, घडीत राह्यते, तिथले जंतू जित्तेच राह्यते. मंग त्याच्या मानंत घड्या हायेत, काखंत हायेत, मांडीत त तीन-तीन वळ्या हायेत. तिथले कोण मारीन? कपडे धुऊन धुऊन तू मरून राह्यली, अन् लेकरू तसंच."

ती अंकुरसकट कपाटाला पाठ टेकून फरशीवर बसली. "काल ठेवलं त्याला? आई, खरं सांगा. ठेवलं?"

"नाई वो! पट्टी कुठं झाली अजून?" शकुनबाईंच्या आवाजात दुखावल्याचा सूर आला. "अन् तसं कसं ठेवीन मी? आधी पाहाव लागते ना. मीच बसली पहिले. हात ठेवला, मंग तोंड घातलं आत, चांगली बसली, तू फोनवर होती तवा. आपण दुधाची बाटली मनगटावर नाई का पाहत? तसं पाह्यलं." त्यांनी मिटल्या डोळ्यांचं तोंड हर्षाच्या आवाजाच्या दिशेला केलं. "काईच नाई झालं. गार हाय तुया उजेड. दवाखान्यातल्यापरीसही गार."

हर्षा पट्टीकडं पाहत राहिली. लोंबलेली सुई, न टाचलेली बाजू. ही बाजू टाचलेली नाही म्हणून हा धड आहे, असं तिच्या मनात आलं. "लगेच कळत नाही, आई," ती म्हणाली. आवाज सरांचा निघाला, कोरडा. "हा चावतो तेव्हा कळत नाही."

"मंग कवा कळते?"

"रात्री."

शकुनबाईंचा हात सावकाश वर गेला. त्यांनी स्वतःचं कपाळ चाचपलं, मग पापण्या, अगदी हलक्या हातानं, जणू त्या दुसऱ्याच कुणाच्या आहेत. "म्हंजे हे..." त्या थांबल्या. "अन् मी पाह्यलं का काई नाई झालं. मंग त्याले ठेवलं असतं त..." पट्टी त्यांनी मुठीत धरली आणि मूठ पदराखाली नेली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं दोघी ऑटोनं गेल्या. गोरक्षण रोडचं ऊन पांढरं झालं होतं. शकुनबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला होता, आणि हर्षा एका हातानं अंकुरला व दुसऱ्या हातानं सासूच्या दंडाला धरून बसली होती. दंड तिनं याआधी असा कधी धरला नव्हता, तो तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक होता. डॉक्टरांनी थेंब टाकले, दुर्बिणीतून पाहिलं आणि विचारलं, "आजी, घरी वेल्डिंगचा धंदा करता का?" एरवी शकुनबाईंनी त्यांना चांगलं तोंडावर उत्तर दिलं असतं. आज त्यांनी पदर पुन्हा नाकापर्यंत ओढला. दोन-तीन दिवसांत उतरेल, बुबुळाची वरची साल गेली आहे, ती पुन्हा येते, म्हणत त्यांनी दोन्ही डोळ्यांवर कापसाच्या गाद्या बांधून दिल्या. हर्षानं न राहवून अंकुरलाही पुढं केलं. त्यांनी बारीक दिवा त्याच्या डोळ्यांवरून फिरवला. त्यानं दिव्याच्या मागं बुबुळं नेली आणि दिवा धरायला हात केला. "याला काय झालंय?" डॉक्टर म्हणाले. "काही नाही," हर्षा म्हणाली, "काही नाही ना?" "तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्याला आत बोलावलं.

घरी आल्यावर तिनं नितेशला फोन केला. तो ऑफिसच्या कामानं धारणीकडं गेला होता, आवाज तुटत होता. सगळं ऐकून तो आधी घाबरला, मग रागावला. नळीवर, कपाटावर, आईवर, शेवटी तिच्यावर. "तू तिच्या डोक्यात हे भरवलंस, हर्षा." ती नाही म्हणाली नाही. मग त्यानं विचारलं, "मग सोमवारी कसं करायचं?" अमरावतीला आईकडं ठेवता येईल, रजा वाढवता येईल, सरांना सांगता येईल. सगळं करता येत होतं. तिनं मागच्या खोलीत जाऊन मुख्य बटण बंद केलं, खुर्चीवर चढून नळी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली. हातात धरल्यावर ती नुसती काच होती, रिकामी, आतून आरपार दिसणारी. बाहेर मोकळ्यावर दोरी होती, आणि दोरीवर चिमटे उगाचच लावलेले होते, एकापुढं एक.

अंकुर रडायला लागला तेव्हा शकुनबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पांढऱ्या गाद्यांखाली त्यांचं तोंड लहान दिसत होतं. एरवी त्याचं पहिलं कुंईकुंई ऐकून त्यांचे हात आपोआप पुढं यायचे, मग त्या हर्षाकडं पाहायच्या, मग हात मागं जायचे. आज पाहायला डोळे नव्हते, आणि हात पुढं आलेच नाहीत. हर्षा अंकुरला घेऊन जवळ गेली तशा त्या भिंतीत शिरल्यासारख्या मागं सरकल्या. "नको वो. नको देऊ मायापाशी. मायाच्यानं काई होऊन जाईन. तू म्हणे ते खरं होतं, मले काई समजत नाई." त्यांनी हात मांड्यांखाली दडपून घेतले. कितीतरी महिने हर्षाला वाटत होतं की या घरात आपण एकट्याच भीत आहोत. आपल्यासारखं भिणारं आणखी एक माणूस असतं तर ओझं निम्मं झालं असतं. आता ते माणूस समोर बसलं होतं. ओझं जिथल्या तिथं होतं, आणि वर आणखी एक झालं होतं.

ती थांबली. अंकुरच्या रडण्याला आता धार आली होती. त्याला तसंच घेऊन पुढच्या खोलीत जावं, दार लावावं, असं तिच्या अंगातला प्रत्येक भाग म्हणत होता. सासूचे हात धुतलेले आहेत का, दवाखान्यात त्या कशाकशाला टेकल्या, ऑटोची ती दांडी, ते बाकडं. सगळं तिच्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेलं. तिनं ते जाऊ दिलं. मग ती खाटेवर बसली, सासूचे दोन्ही हात एकेक करून मांड्यांखालून ओढून काढले, उघडले, आणि अंकुरला त्यांच्या मांडीवर ठेवून दिलं.

तो आणखी थोडा रडला आणि मग त्या पांढऱ्या गाद्यांकडं टक लावून गप्प झाला. शकुनबाई हलल्या नाहीत. त्यांनी मान दूर भिंतीकडं वळवली, पदर नाकातोंडावर घट्ट धरला. त्यांचे खांदे वर उचललेले होते आणि तसेच राहिले, खाली येईनात. पदर आत ओढला जात नव्हता, बाहेर येत नव्हता. हर्षाला कळायला जरा वेळ लागला. तिनं हात पुढं करून तो पदर त्यांच्या तोंडावरून बाजूला केला.

"श्वास घ्या, आई."

"घेऊ?" शकुनबाईंनी विचारलं.